फेरफार

आमच्या स्टुडिओत तीन कॉम्प्युटर, चार कॅमेरे, एक नॅस आणि एक भाऊसाहेब आहेत. पहिल्या तिन्हींचे हप्ते मी फेडले. भाऊसाहेब लग्नात मिळाले.

भाऊसाहेब म्हणजे माझे सासरे. उभी हयात तलाठी म्हणून काढली, शेवटी मंडल अधिकारी होऊन निवृत्त झाले. आमच्या कराड भागात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात आणि ही पदवी चार्ज देताना परत करावी लागत नाही. सरकारनं आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं केलंय. पण टपरीवर ‘ग्राम महसूल अधिकारी, अर्धा कप घ्या’ असं कोण म्हणणार? तोंडावर मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. भांडायला याच्याइतकं अवघड नातं दुसरं नाही. जावयाला दुखवायचं नाही हा त्यांचा नेम, सासऱ्याला उलट बोलायचं नाही हा माझा. त्यामुळे गेल्या वर्षात आमची जी काही भांडणं झाली ती सगळी नेटवर्कच्या नावावर झाली.

ते पहिल्यांदा स्टुडिओत आले ते आषाढात. सीझन संपला होता, मी लेन्सची बुरशी बघत बसलो होतो. ‘घरात करमत नाही, जरा तुमच्याकडं टेकतो,’ म्हणाले. दोन दिवस खरोखरच नुसते टेकले. तिसऱ्या दिवशी चष्मा धोतराला पुसत त्यांनी विचारलं, “जावईबापू, या दुकानाचं दप्तर कुठं असतं?”

मी त्यांना लाइटरूम उघडून दाखवलं. इथंच चुकलं.

लाइटरूम २००७ साली आलं, आणि तेव्हापासून मी नव्या पोरांना एकच गोष्ट समजावत आलोय की बाबांनो, या कॅटलॉगात फोटो नसतात. फोटो डिस्कवर असतात. कॅटलॉगात असते ती फोटोची नोंद: तो कुठल्या फोल्डरात आहे, कधी काढला, कुणी किती स्टार दिले. पोरं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी ‘कॅटलॉगात आहेतच की’ म्हणून डिस्कवरचे फोटो उडवतात. भाऊसाहेबांना हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं.

“म्हणजे जमीन शिवारात आणि सातबारा दप्तरात,” ते म्हणाले.

“हो मामा. आणि फोटो उजळला, कापला, रंग बदलला तरी मूळ फोटोला हात लागत नाही. काय बदललं त्याची फक्त एक ओळ इथं चढते.”

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. “फेरफार!”

त्यांच्या डोळ्यांत जे पाणी तरळलं ते मी त्यांच्या मुलीच्या पाठवणीलाही पाहिलं नव्हतं. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सात आणि बारा म्हणजे सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा. हे सगळं या माणसानं आयुष्यभर हातानं लिहिलेलं. पूर्वी म्हणे मंजूर न झालेला फेरफार सातबाऱ्यावर पेन्सिलीनं टिपून ठेवत आणि मंडल अधिकाऱ्यानं प्रमाणित केला की शाईनं. त्यांनी मला विचारलं, “मग तुमच्यात पेन्सिल कुठली आणि शाई कुठली?” मी विचार करून म्हणालो, एक्स्पोर्ट करेपर्यंत पेन्सिल, जेपीईजी बाहेर पडला की शाई. त्यांनी हे खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. खरं सांगायचं तर मूळ फोटोला धक्का न लावता एडिटिंग म्हणजे काय, हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

हा एक विशिष्ट जातीचा माणूस असतो. त्याला वस्तूपेक्षा वस्तूची नोंद खरी वाटते. समोर विहीर दिसत असली तरी उताऱ्यावर विहीर नसेल तर तो म्हणतो, ‘इथं विहीर नाही,’ आणि सावधपणे कडेनं चालतो. भाऊसाहेब फोटो बघायला बसले की नवरी बघत नाहीत, नवरा बघत नाहीत. उजव्या कोपऱ्यातली तारीख, वेळ आणि फाइलचा नंबर बघतात. एकदा एका लग्नाचे फोटो बघून सगळे वा वा करत होते. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “हे लग्न बेकायदेशीर आहे.” सगळे गप्प. “अंतरपाट धरायच्या आधीच मंगळसूत्र घातलंय.”

माझ्या आणि असिस्टंटच्या कॅमेऱ्यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक होता. वेळेप्रमाणे लावले की फोटो एकमेकांत मिसळून विधी उलटेपालटे होत होते. अशी किती लग्नं मी उलटी लावून अल्बम करून दिली असतील देव जाणे. घरच्यांना कळलं नाही, भटजींनी अल्बम पाहिला नाही. त्या दिवसापासून ऑर्डरला निघण्याआधी चारी कॅमेरे भाऊसाहेबांपुढं ओळीनं मांडले जातात आणि ते आपल्या मनगटावरच्या चावीच्या घड्याळाप्रमाणे त्यांची वेळ लावतात. ते घड्याळ चार मिनिटं मागं आहे. पण चारी कॅमेरे सारखेच मागं असल्यामुळं लग्नं कायदेशीर होतात.

इथवर सगळं ठीक होतं. गणपतीत त्यांना शोध लागला की आमच्याकडं कॅटलॉग तीन आहेत.

एक माझ्या मशीनवर, एक एडिटर पोराच्या, ज्याला सगळे बारक्या म्हणतात, आणि एक अल्बम डिझाइन करणाऱ्या ताईंच्या. फोटो मात्र सगळे नॅसवर. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. ती आम्ही झेरॉक्स मशीनशेजारच्या लोखंडी कपाटात ठेवलीय आणि तिन्ही मशीनवर ती झेड ड्राइव्ह म्हणून दिसते.

“जमीन एक आणि सातबारे तीन?” भाऊसाहेबांचा आवाज कापत होता. “जावईबापू, हा तर वादाला निमंत्रण देण्याचा प्रकार. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. सत्तेचाळीस सालचा!”

मी म्हणालो, तो जमिनीला आहे. ते म्हणाले, अक्कल सगळ्यालाच लागू असते. मग त्यांनी आज्ञा केली की तिन्ही कॅटलॉग एकत्र करून एकच करायचा आणि तो सगळ्यांना मिळेल असा, म्हणजे नॅसवरच ठेवायचा. एकत्रीकरण मी एका रात्रीत करून दिलं. पण तो कॅटलॉग नॅसवर ठेवून उघडायला गेलो तर लाइटरूमनं नेटवर्कवरचा कॅटलॉग उघडणार नाही, अशी पाटी दाखवली.

भाऊसाहेबांनी ती पाटी तहसीलदाराचं पत्र वाचावं तशी दोनदा वाचली. “कोणत्या कलमाखाली?”

मी सांगायचा प्रयत्न केला. कॅटलॉगच्या फाइलीत एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप नावाच्या माणसानं तो २००० साली बनवला. तेव्हा तो अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठी एक प्रणाली लिहीत होता. या डेटाबेसचा नियम असा की वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळी एकच. लिहायला बसला की तो कुलूप लावतो, झालं की काढतो. एकाच मशीनवर हे कुलूप बरोबर चालतं. नेटवर्कवर मात्र कुलूप लागल्याची बातमी पलीकडच्या मशीनला खात्रीनं पोचत नाही, आणि दोघांना वाटतं आपणच आत आहोत. ज्यांनी तो बनवला तेच नेटवर्कच्या फोल्डरात वापरू नका असं बजावतात.

भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “युद्धनौकेवर चालतं आणि कराडात चालत नाही?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

बारक्याकडं होतं. त्यानं कुठून तरी शिकलेली सब्स्ट नावाची एक आज्ञा काळ्या खिडकीत टाइप केली. तिनं नेटवर्कवरच्या फोल्डराला मशीनमधल्याच ड्राइव्हचा मुखवटा चढतो. लाइटरूमनं मुखवट्याकडं पाहिलं, ओळखीचा माणूस समजलं आणि कॅटलॉग उघडला. हा सरळसरळ बेनामी व्यवहार होता. उभ्या नोकरीत ज्यांनी कुणाच्या चहाचा मिंधेपणा घेतला नाही ते भाऊसाहेब या पोराकडं कौतुकानं बघत म्हणाले, “कब्जेदार सदरी नाव लागलं ना? मग झालं.”

एकच गोष्ट मी त्या वेळी अडवून धरायला हवी होती आणि धरली नाही, कारण ती मला निरुपद्रवी वाटली. भाऊसाहेबांना दप्तरातली नोंद एकटी राहिलेली आवडेना. “शेताचा नकाशा कचेरीत असला तरी हद्दीचा दगड बांधावर लागतोच.” तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन मी बदल आपोआप एक्सएमपीत लिहायची खूण करून दिली. तेव्हापासून प्रत्येक रॉ फाइलीशेजारी तिच्याच नावाची एक चिमुकली फाइल बसते आणि त्या फोटोवर केलेले बदल तिच्यातही उतरतात. एक फोटो, दोन फाइली. फोल्डर बघायला घाण दिसायला लागले. भाऊसाहेबांना मात्र बांधावर दगड मोजत चालल्याचा आनंद होई.

मग सुरू झालं ते संथपण.

स्लायडर ओढला की फोटो श्वास घेऊन उजळे. स्टार दिला की तो उगवायला वेळ लागे. कॅटलॉगाचं काम म्हणजे हजारो बारीकसारीक वाचणं-लिहिणं. ते मशीनच्या पोटात होतं तेव्हा कळत नाही, पण त्याला प्रत्येक वेळी तारेवरून कपाटापर्यंत जाऊन यायला लावलं की पायाचे तुकडे पडतात. पण आमच्याकडं नुसतं तेवढंच नव्हतं. ६४ जीबीचं एक कार्ड नॅसवर उतरवायला दीड तासावर वेळ लागत होता. माझ्या हिशेबानं दहा-बारा मिनिटं लागायला हवी होती.

मी नेटवर्कच्या खुणेवर जाऊन स्पीड पाहिला. १ गिगाबिटच्या जागी १०० मेगाबिट. म्हणजे सेकंदाला शंभराच्या वर एमबीऐवजी अकरा. तारेचा माग काढत निघालो. ती तार भाऊसाहेबांनी वायरमनची मजुरी वाचवायला स्वतः टाकली होती. कपाटामागून, देवाच्या तसबिरीखालून आणि मग खिडकीच्या चौकटीतून. खिडकीचं दार रोज संध्याकाळी त्या तारेवर बंद होत होतं. चिमटा बसलेल्या जागी निळं आवरण पांढरं पडलेलं, आणि सोलून पाहिलं तर आत आठ तारांपैकी तपकिरी तुटलेली.

“एकच तुटलीय,” भाऊसाहेब म्हणाले. “सात आहेत की.”

मी सांगितलं, गिगाबिटला आठही तारा, म्हणजे चारही जोड्या लागतात. शंभराच्या स्पीडला दोन जोड्यांवर भागतं. म्हणून एक तार गेली की यंत्र कुणाला न सांगता शंभरावर येतं आणि गप काम करत राहतं.

“आठातले सात हजर म्हणजे कोरम पूर्ण. ग्रामसभा याच्यावर चालते.”

मी नवीन तार टाकली, प्लग बसवला. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मी क्रम तोंडानं म्हणत होतो आणि ते शेजारी बसून रजिस्टरात उतरवून घेत होते. शेवटच्या ओळीपुढं त्यांनी शेरा मारला, ‘तपकिरी गैरहजर राहिल्यास सभा तहकूब.’

खंडेनवमीची पूजा झाली. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश पाटावर मांडले. नॅस कपाटातून हलवता येईना म्हणून भाऊसाहेबांनी त्याची जागेवरच पूजा केली. हळद-कुंकू पुढच्या लाइटांवर, आणि झेंडूचा भलाथोरला हार असा घातला की तो मागं पंख्याच्या जाळीवर लोंबला. कपाटाचं दार लावलं. दोन तासांनी कपाट ओरडायला लागलं. बीप, बीप, बीप. बायकोला वाटलं गॅस. ताई पर्स घेऊन खाली उतरल्या. मी दार उघडलं तेव्हा पंखा अडकून बसला होता आणि पात्यांत केशरी पाकळ्या गच्च झाल्या होत्या. चिमट्यानं एकेक पाकळी काढताना भाऊसाहेब मागं उभे होते. “निर्माल्य कोयनेत सोडा,” एवढंच म्हणाले.

त्याच सुमाराला प्रश्नचिन्हं उगवली. एका दुपारी वीज गेली, आली. राउटर नव्यानं सुरू झाला आणि त्यानं नॅसला नवा पत्ता दिला. माझ्या मशीनवर, म्हणजे लॅपटॉपवर, नॅस नावानं नव्हे, नंबरानं जोडलेला होता. तो तुटला. बारक्यानं घाईत पुन्हा जोडला तो झेडच्या जागी वाय म्हणून. कॅटलॉगातले सगळे फोल्डर करडे पडले आणि प्रत्येकावर एक प्रश्नचिन्ह आलं. मी त्या दिवशी मेणवलीच्या घाटावर एका प्री-वेडिंगला होतो. फोन आला. “जावईबापू, सगळी मिळकत बेवारस झालीय.”

मी म्हणालो, मामा, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. हे वाक्य मी ज्यांना म्हणून सांगितलं त्यांच्यापैकी कुणीच आजवर पाळलेलं नाही. भाऊसाहेबांना बारक्यानं ‘हरवलेला फोल्डर शोधा’ ही सोय दाखवली होती. संध्याकाळी येऊन बघतो तर ते लॅपटॉपपुढं ताठ बसलेले, शेजारी थंड झालेला चहा. एकेका फोल्डरवर उजवी टिचकी, शोधा, वाय ड्राइव्ह, वर्ष, महिना, आडनाव, ओके. मग रजिस्टरात बरोबरची खूण.

“किती झाले?”

“एकसष्ट.”

“किती राहिले?”

“एकशे त्रेपन्न.”

मी त्यांच्या खांद्यावरून हात नेला, सगळ्यांच्या वरचा मूळ फोल्डर दाखवायला लावला, त्या एकट्याला वाय ड्राइव्हवरची जागा दाखवली. उरलेली सगळी प्रश्नचिन्हं एका दमात गेली. मग लॅपटॉपवर पुन्हा झेड करून हेच उलटं केलं, आणि राउटरमध्ये नॅसचा नंबर कायमचा बांधून टाकला. मला वाटलं ते खूश होतील. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले तेव्हा आम्ही गावोगाव एकेक गट तपासला होता. तुम्ही एका टिचकीत दोनशे चौदा. इतकं सोपं असेल तर खात्री काय?” आणि त्यांनी उरलेले एकशे त्रेपन्न फोल्डर एकेक करून उघडून पाहिले. सगळे बरोबर होते. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. मार्गशीर्षातला गुरुवार. बारक्या एका हळदीचे फोटो करत होता. ताई त्याच कॅटलॉगात दुसऱ्या लग्नाचं सिलेक्शन लावत होत्या. एकाच वेळी दोघांनी उघडू नये म्हणून कॅटलॉगाशेजारी कुलुपाची एक छोटी फाइल तयार होते; ती ‘नुसतीच पडलीय’ म्हणून बारक्या रोज सकाळी पुसायचा, हे आम्हाला नंतर कळलं. भाऊसाहेब लॅपटॉपवर तारखा तपासत होते. म्हणजे एका नोंदवहीत तिघांच्या लेखण्या.

वीज डोळा मारावा तशी गेली आणि आली. कॉम्प्युटर यूपीएसवर, नॅस यूपीएसवर. पण सगळ्यांना जोडणारा नेटवर्कचा चपटा स्विच साध्या भिंतीतल्या बोर्डावर. इकडचे जागे, तिकडचा जागा, मधला तेवढा बेशुद्ध. काही सेकंदच. त्या सेकंदांत कुणाचं तरी लिहिणं अर्ध्यावर राहिलं. लाइटरूमनं कॅटलॉग खराब झाल्याची पाटी टाकली, दुरुस्तीचा प्रयत्न केला, आणि हात टेकले.

“बॅकअप,” मी म्हणालो.

बंद करताना लाइटरूम आठवड्यातून एकदा कॅटलॉगाची प्रत काढू का म्हणून विचारतं. बारक्या पायाकडं बघत होता. “ते लई वेळ खात होतं हो नेटवर्कवर. मी ‘आत्ता नको’ दाबायचो.” शेवटची प्रत नवरात्रातली निघाली.

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या नोकरीत एकदा चावडीला आग लागली होती म्हणतात, तेव्हाही त्यांनी दप्तर आधी बाहेर काढलं आणि मग कोतवालाला. तसाच चेहरा होता.

रात्री मी माझ्या मशीनच्या एसएसडीवर कोरा कॅटलॉग केला आणि नॅसवरचे फोटो जागेवर ठेवूनच आत घ्यायला लावले. पहिल्या हळदीचे फोटो आले आणि मी उठून उभा राहिलो. उजळलेले होते. कापलेले होते. स्टार होते. बांधावरचे दगड! प्रत्येक रॉशेजारच्या त्या चिमुकल्या फाइलीतून बदल परत येत होते. ज्यांना मी चार महिने कचरा म्हणत होतो.

सगळं नाही आलं. एक्सएमपी फोटोचे बदल सांभाळतं. पण एकाच फोटोच्या काळ्यापांढऱ्या, रंगीत अशा ज्या आभासी प्रती काढलेल्या असतात त्या, आणि अल्बमसाठी निवडून लावलेली कलेक्शन्स, ही फक्त कॅटलॉगात असतात. ती गेली. अकरा लग्नांची सिलेक्शन्स. घरच्यांनी खुर्च्या ओढून, भांडून, रुसून ठरवलेली. नवऱ्यामुलाच्या आत्याला पुन्हा बोलावून ‘पुन्हा निवडा’ म्हणायची माझी छाती नव्हती.

भाऊसाहेब कपाटाकडं गेले. नॅसच्या वरच्या कप्प्यातून लाल कापडात बांधलेलं एक जाडजूड रजिस्टर काढलं. गाठ सोडली. लग्नाचं नाव, तारीख, आणि खाली रांगेनं फाइलींचे नंबर, निळ्या शाईत, प्रत्येक पानाखाली सही.

“मामा, हे कधी लिहिलं?”

“सिलेक्शन होताना. रोजच्या रोज.” मग जरा ओशाळून, “संगणकाचा काय भरवसा, जावईबापू.”

पहाटे साडेचारपर्यंत ते वाचत होते आणि मी लावत होतो. “बारा चौतीस.” “घेतला.” “बारा एक्केचाळीस.” “घेतला.” “बारा सत्तेचाळीस, हिच्या डोळ्यांत पाणी आहे, तोच का बघा.” “तोच.” “रुजू.” बारक्या खुर्चीत घोरत होता; त्याला उठवू नका म्हणाले, सकाळी त्याच्याकडून लेखी खुलासा घ्यायचाय.

चहा करून आणला तेव्हा मी धीर केला. “मामा, एक विचारू? तुमच्या वेळी फेरफाराच्या एकाच वहीत दोन तलाठी एकदम लिहीत होते का?”

“हॅट! हात तोडला असता.”

“वही कुणी गावात फिरवत होतं?”

“दप्तर तलाठ्याच्या ताब्यात. ज्याला बघायचंय त्यानं सज्ज्यावर यावं.”

मी काहीच बोललो नाही. बशीतला चहा हलायचा थांबला. भाऊसाहेब कितीतरी वेळ त्या चहाकडं बघत राहिले.

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

गणपतीपासून मी दुसरं काय सांगत होतो?

आता व्यवस्था अशी आहे. जमीन सगळ्यांची, म्हणजे फोटो नॅसवर. सातबारा एका मशीनवर, तिच्या पोटातल्या एसएसडीवर, आणि रोज बंद करताना त्याची एक प्रत नॅसवर. मुखवटा काढून टाकला. स्विच यूपीएसवर आला. ताईंना हवं ते लग्न तेवढंच वेगळ्या छोट्या कॅटलॉगात काढून दिलं जातं, सोबत स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे लांब बाजूला २५६० पिक्सेलच्या हलक्या प्रती. नॅस बंद असला तरी त्यांचं काम अडत नाही. संध्याकाळी त्यांचा छोटा कॅटलॉग मोठ्यात परत मिळवला जातो. भाऊसाहेब याला फेरफार मंजूर करणं म्हणतात आणि कधीमधी नामंजूरही करतात.

कारण ते एक मशीन आता भाऊसाहेबांपुढं असतं. खिडकीशेजारी त्यांनी टेबल लावून घेतलंय, बाजूला घंटी, मागं लाल कापडातली रजिस्टरं. हललेले, डोळे मिटलेले फोटो पुसायचे असले तर यादी दारावर चिकटवतात आणि खाली लिहितात, ‘हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे.’ एकदा डिलिव्हरी बॉयनं वाचून खरोखरच हरकत घेतली होती. तिची सुनावणी झाली.

परवा मला माझाच, मी काढलेला, माझ्या गिऱ्हाइकाचा एक फोटो तातडीनं हवा होता. बॅनरवाला खाली गाडी चालू ठेवून उभा. मी टेबलापुढं गेलो. भाऊसाहेबांनी न बघता एक छापील कागद पुढं सरकवला. नाव, लग्नाची तारीख, फाइल क्रमांक, कशासाठी पाहिजे. शेवटच्या रकान्यात अर्जदाराचं नातं. मी लिहिलं, जावई.

त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, शेवटचा रकाना वाचला आणि एकदम उठून उभे राहिले. “अहो, बसा, बसा जावईबापू, उभे काय? बारक्या, चहा सांग. आलं घालून म्हणावं.” चहा आला. खारी आली. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. कप खाली ठेवून मी फोटोकडं बोट दाखवलं.

भाऊसाहेबांनी अर्जावर आवकचा शिक्का मारला, तारीख टाकली, कागद उजवीकडच्या तारेला टोचला.

“उद्या या,” म्हणाले.